चित्रातून काढलेला कूलर

नव्वदच्या दशकात मी नागपूरला उपयोजित कला शिकत होते आणि माझा विषय होता इलस्ट्रेशन. म्हणजे गोष्ट असो, धडा असो की जाहिरात, मजकुराला साजेल असं चित्र काढायचं. गावी देवळीत हे समजावून सांगायचं मी पहिल्याच वर्षी सोडून दिलं. ‘पोरगी ड्रॉइंग शिकते’ एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. फक्त सुट्टीत घरी आले की बी.एड. करणाऱ्या बायकांचे तक्ते, बारावीच्या पोरांच्या वह्यांतले बेडूक आणि ज्याच्या घरी लग्न असेल त्याच्या दारावरचा गणपती हे सगळं आपोआप माझ्याकडे चालत यायचं. बेडकाची पचनसंस्था मी इतक्यांदा काढली की तेवढ्या एका प्रश्नापुरती मी डॉक्टर झाले असते.

बाबांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. विकलेल्या भांड्यावर नाव कोरून द्यायचं मशीन मी शाळेत असल्यापासून चालवत होते. अक्षर बरं होतं, पण नावाच्या शेवटी एक वेल काढायची मला खोड होती. गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि बाबा वैतागायचे.

“त्याईले नाव पाह्यजे. बगीचा लावाले नाई सांगतला तुले.”

बाबांचं सगळं असं असायचं. ताट म्हणजे जेवायला, गंज म्हणजे भात शिजवायला. दुकानात भांडी मांडतानाही जे रोज खपतं ते हाताला लागेल असं खाली, आणि जे नुसतं चमकतं ते वर. मी सुट्टीत एकदा सगळी रचना बदलून घागरींचा एक सुंदर उतरता डोंगर केला होता. चहाच्या गाळण्या शोधायला बाबांना दुपारपर्यंतचा वेळ लागला.

तिसऱ्या वर्षात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वर्गातल्या इतर मुलींनी काढलेल्या राजकन्या देखण्या असायच्या. माझी राजकन्या कशीबशी असायची, पण तिच्या मागची खिडकी, तिचा पलंग, पलंगाशेजारची तिवई आणि तिवईवरचा तांब्या एकदम चोख. आमचे सर एकदा चित्र हातात धरून म्हणाले, “राजकन्या इथं भाड्यानं राहायला आल्यासारखी वाटते. घर मात्र छान शोधलंय हिनं.”

वर्ग हसला. मीही हसले, पण त्या दिवसापासून मी चौकशीला लागले. खोल्याच काढायच्या असतील तर त्या पुस्तकातच का काढायच्या? ज्यांत माणसं राहतात त्या का नाही?

चौकशी म्हणजे काय, तर भेटेल त्याला विचारायचं. वर्ध्यात एकाच्या दुकानावर ‘इंटिरिअर डेकोरेटर’ अशी पाटी होती. आत गेले तर ते गृहस्थ छताला प्लास्टरची नक्षी करून देत. या कामासाठी काय शिकावं लागतं, असं विचारल्यावर त्यांनी मला सगळी विद्या एका दमात सांगितली. “हॉलले कमळ. बेडरूमले बी कमळ, पण लहान. पूजाघर असलं तं मंग ओम.”

नागपुरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात माझी एक सीनिअर नोकरीला लागली होती. इमारतींच्या नकाशांभोवती झाडं आणि छत्री घेतलेल्या बायका काढायचं तिचं काम होतं. तिनं मला तिच्या साहेबांपुढे उभं केलं. त्यांनी माझी चित्रं पाहिली, चष्मा काढला आणि विचारलं, “खोली सुंदर आहे. माणूस आत कुठून येतो?” मी दारच काढलं नव्हतं. दार आलं की चित्राचा तोल बिघडत होता. ते म्हणाले, शिकून घे. चित्र येतं ही जमेची बाजू आहे, पण मापं शिकावी लागतील. मग त्यांनी एका संस्थेचा पत्ता दिला. तिथं इंटिरिअरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. शेवटच्या परीक्षेनंतर जूनमध्ये प्रवेश घ्यायचा आणि पुढचं वर्षभर नागपुरात राहायचं.

प्रश्न बाबांचा होता. डिग्री संपली की मुलगी घरी येणार, शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून लागणार, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. आईला माझं म्हणणं लगेच पटलं, तिच्या कारणानं. “घर सजवते म्हणून सांगितलं तं लोकाईले समजते तरी. आता काय सांगू, बेंडक्या काढते?”

मी दुकानात विषय काढला तेव्हा बाबा गिऱ्हाईकाला कढई दाखवत होते. ती बाजूला ठेवून म्हणाले, “अजून एक साल? कागदावर तं तू महालही उभा करशीन. एक खोली खरी उभी करून दाखव. लोकं तिथी बसले पाह्यजे. मंग पाहू.”

“कोणाची खोली?”

“मले काय विचारतं? तुले शिकाचं हाये.”

बाबांच्या दृष्टीनं विषय संपला होता. माझ्या दृष्टीनं मला जूनच्या आत एक खोली शोधायची होती, नाहीतर मी आयुष्यभर पाचवीच्या वर्गाला फुलदाणी काढायला शिकवणार होते.

खोली सापडली वर्ध्याजवळ सिंदी मेघेत, आत्याकडे. आत्या बाबांची मोठी बहीण. बाबा जगात ज्या एका माणसाला भीत, ते माणूस म्हणजे ती. तिनं आणि मामाजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, प्लॉट पाडलेल्या लेआउटमध्ये नवं घर बांधलं होतं. समोरच्या खोलीत प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणि खिडकीत बसवलेला कूलर, एवढंच सामान. कॉलनीतल्या बायकांची भिशी आत्याकडे यायची होती आणि आधीच्या भिशीला कोणाच्या तरी नव्या सोफ्याचं फार कौतुक झालं होतं. मी खोली करून देते म्हटल्यावर आत्यानं एकदा मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुले येते का वं?”

“येतं.”

“मंग कर. पण आधी काढून दाखव.”

मी काढून दाखवलं. एप्रिलच्या सुरुवातीला, परीक्षा आटोपून आल्या आल्या, मोठ्या कागदावर पोस्टर कलरनं. एका भिंतीला सोफा, समोर खिडकीखाली बसायचा लांब ओटा, ओट्याच्या पोटात गाद्या ठेवायची जागा आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना फळ्या. खिडकीत कूलर होता, तो जसाच्या तसा काढला, निळ्या पत्र्यासकट.

आत्यानं चित्र लांब धरून पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं.

“कूलर काऊन काढला वं?”

“आहे ना तिथं.”

“हाये तं काय झालं? कोणी फोटोत कूलर घेते का? फोटो काढाचा म्हटला का आम्ही फ्रिजजवळ उभं राहतो. कूलर पुसून टाक. अन् फ्रिज काढ.”

फ्रिज स्वयंपाकघरात होता. तो समोरच्या खोलीत यावा ही आत्याची जुनी इच्छा होती. मी कूलरवर पांढरा रंग मारला. तिथं खिडकी मोकळी झाली, पण मोकळी खिडकी चित्रात भुंडी दिसते, म्हणून तिच्यात लाकडी जाळी काढली, जाळीला लहान फळ्या आणि फळ्यांवर कुंड्या. कोपऱ्यात फ्रिज आला आणि त्यावर क्रोशाचं कव्हर. मग आत्या म्हणाली, सोफ्यावर मले बसव. तीही बसवली. मग म्हणाली, एवढी जाडी नाई मी. तेही केलं. शेवटी मला वाटलं म्हणून जाळीवर एक पांढरा पडदा घातला आणि तो जरा हलता काढला. चित्रात वारं आलं की खोली जिवंत वाटते, हे आम्हाला दुसऱ्या वर्षीच शिकवलं होतं. मे महिन्यात सिंदी मेघेत पडदा हलवणारं वारं कसलं असतं, हे त्या अभ्यासक्रमात नव्हतं.

चित्र इतकं चांगलं झालं की त्यानंतर कोणी खोलीकडे पाहिलंच नाही. सुतारकामाला बोलावलेले मिस्त्री उत्तर प्रदेशातले होते, वर्ध्यात जन्म गेलेले, पण हिंदीच बोलायचे. त्यांनी चित्र भिंतीवर खिळ्यानं टांगलं, अगरबत्ती लावली आणि म्हणाले, “बस, दीदी. जैसा तस्वीर में है, वैसा बना देंगे.” मी मापं दिली होती, नाही असं नाही. ओट्याची दिली, फळ्यांची दिली, जाळीची दिली. जे चित्रात होतं त्या सगळ्याची दिली.

मामाजी असते तर पुढचं घडलं नसतं. कूलर हे मामाजींचं खातं होतं. दर वर्षी होळी झाली की ते त्याची टाकी घासून रंगवत, गवताच्या ताट्या बदलत, मोटर उघडून तेल घालत आणि दुपारभर त्याच्यासमोर पेपर वाचत. पण त्या वर्षी ते घरच्या वाटणीसाठी समुद्रपूरकडे त्यांच्या गावी गेले होते आणि भावाभावांचं काही केल्या जमत नसल्यानं तिथंच अडकले होते. लाकडाचा भुसा टाकीत जाईल म्हणून मिस्त्रींनी कूलर स्टॅंडसकट खिडकीपासून ओढून अंगणात लिंबाखाली नेला. काम चाललं तोवर आम्ही आतल्या खोलीत पंख्याखाली राहिलो, दाराला ओलं पोतं लावून. काम झालं की कूलर परत लागेल, असं आत्या गृहीत धरून होती. मीही धरून होते. ज्या खिडकीत तो लागायचा तिच्यात सागवानी जाळी सरस आणि स्क्रू लावून पक्की होत होती, आणि आम्ही दोघी उभ्या राहून म्हणत होतो, वा, काय सरळ बसली!

भिशीच्या बायका येता-जाता डोकावून जायच्या. अर्धवट ओट्याकडे त्यांचं लक्ष नसायचं. त्या भिंतीवरचं चित्र पाहायच्या.

“बाई, सोफ्यावर तुम्हीच का?”

“मी नाई तं कोण?”

“मले वाटलं तुमची लहान बहीण.”

आत्यानं त्या दिवशी मला दोन वेळा चहा करून दिला.

मे उजाडला तेव्हा खोली तयार झाली. पुढच्या रविवारी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून बाबा आणि आई देवळीहून बसनं आले. नेमके त्याच सकाळी मामाजीही गावाहून परतले. बाबा उन्हातून आत आले, डोक्याचा दुपट्टा सोडला आणि दारातच थांबले. ओटा पाहिला, ओट्याचं झाकण उघडून आत पाहिलं, फळीवर बोट फिरवलं. कुंड्या पाहिल्या. मला वाटलं, झालं.

“बसू आता,” बाबा म्हणाले. ते परीक्षेलाच आले होते.

बाबा ओट्यावर बसले. आई सोफ्याच्या एका टोकाला बसली. दुसऱ्या टोकाला आत्या, चित्रातल्यासारखीच, एक हात सोफ्याच्या काठावर टाकून. मामाजींनी खोलीत पाऊल टाकलं, खिडकीकडे पाहिलं आणि ते तसेच बाहेर निघून गेले.

चहा झाला. आईनं पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, “वन्स, तुमचं सैपाकघर पाहतो जरा.” ती गेली ती आलीच नाही. मग आत्या म्हणाली, वरण पाहून येते. वरण तासाभरापूर्वीच झालं होतं. मी उभीच होते, माझ्या पाठीवरून घामाची धार सरळ खाली जात होती. जाळीतून येणारी झळ कुंड्यांतल्या रोपांना लागून माझ्यापर्यंत पोचत होती. रोपांनीही माना टाकायला सुरुवात केली होती. बाबा मात्र बसून होते, कारण परीक्षक उठत नसतो. दुपट्ट्यानं मान पुसली, कपाळ पुसलं, मग दुपट्टाच पिळायची वेळ आली.

“भल्ली सुंदर खोली केली तू,” ते म्हणाले. “पण इथी मी एकटाच बसून राह्यलो. अन् मीही आता नाई बसत.”

ते उठून आत गेले. मी त्यांच्या मागे. आतल्या खोलीत आई आणि आत्या पंख्याखाली खाली फरशीवर बसल्या होत्या, गाद्यांच्या ढिगाला टेकून, आणि आत्या ब्लाउजच्या बाह्या वर सारून ताक पीत होती. बाबाही फरशीवर बसले. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. लोकं तिथी बसले पाह्यजे, ही एकच अट होती.

तेवढ्यात अंगणातून मामाजींचा आवाज आला. “माहा कूलर झाडाखाली काऊन उभा हाये? त्याले काय शिक्षा केली काय?”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही ती निळी पत्र्याची पेटी पुसायला कोणी सांगितलं होतं ते आठवलं आणि दोघींनीही ते बोलायचं टाळलं.

रडायचा मला तेव्हाही कंटाळा होता. मी टेप घेऊन अंगणात गेले. मामाजींनी एक टोक धरलं आणि आम्ही कूलर मापला, लांबी, रुंदी, जमिनीपासून तोंडाची उंची. मग आत येऊन जाळीवर पेन्सिलनं सरळ रेघा मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी रेघ सुंदर दिसते की नाही हे न पाहता मारली.

मिस्त्री कुठं असतील, असं विचारल्यावर कळलं की ते चौथ्या घरी आहेत. मी तिकडे धावले. तिथं भिशीतल्याच एक बाई दारात कौतुकानं उभ्या होत्या आणि आत त्यांच्या खिडकीत मिस्त्री जाळी बसवत होते. हुबेहूब आमच्यासारखी. त्या खिडकीतला कूलर त्यांच्याही अंगणात उभा होता.

“थांबा!” मी ओरडले.

“क्या हुआ दीदी? आपका ही डिजाइन है.”

“कूलर कुठं लागणार?”

मिस्त्रींनी खिडकीकडे पाहिलं, मग अंगणाकडे पाहिलं आणि शांतपणे पेन्सिल कानामागे खोचली. “तस्वीर में तो कूलर था ही नहीं.”

आम्ही करवत घेऊन परत आलो तेव्हा आत्या जाळीपुढे उभी होती, दोन्ही हात पसरून.

“कापशीन तं पाय मोडीन तुहे. सागवान हाये. परवा बाया येतात माह्या घरी.”

“आत्या, बाया बसतील कुठं?”

“सोफ्यावर!”

“तू का उठलीस मग सोफ्यावरून?”

“वरण पाहाले गेलती मी.”

“बारा बायका वरण पाहायला जातील.”

आईला हसू आवरलं नाही. आत्यानं तिच्याकडे रागानं पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. लहान भाऊ आपली बाजू घेईल असं तिला वाटलं असावं. बाबा दारात टेकून उभे होते, ते म्हणाले, “माह्याकडे नको पाहू, बाई. मी काय बोलणार? खोली तुही, लाकूड तुहं, भाची तुही.” आणि माझी परीक्षा असल्यामुळे ते खरंच आणखी काही बोलले नाहीत.

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. खोली एवढी तापली होती की माणूस तिथं फार वेळ हात पसरून उभं राहूच शकत नव्हतं. “तुकडे फेकजो नोको मात्र,” असं म्हणून ती बाजूला झाली.

तुकडे मी फेकणारच नव्हते. रेघा मारतानाच मला ते दिसलं होतं. मधला भाग सलग कापून काढायचा, त्याचे दोन पल्ले करायचे आणि बिजागऱ्या लावून बाजूच्या फळ्यांना जोडायचे. उन्हाळ्यात पल्ले उघडे आणि कूलर आत तोंड करून. दिवाळीत कूलर गेला की पल्ले बंद आणि पुन्हा जाळी. मिस्त्रींनी करवत चालवली, मी पल्ला धरला. भुसा उडाला तो कुंड्यांवर आणि माझ्या डोक्यावर. मामाजींनी आणि बाबांनी मिळून कूलर बाहेरून खिडकीला लावला, स्टॅंडखाली एक वीट सरकवली, पाइपानं टाकी भरली. मामाजींनी बटण दाबलं. कूलरनं आधी खोकल्यासारखा आवाज केला, मग पंपाचं पाणी ताट्यांवरून ओघळल्याचा आवाज आला, आणि ओल्या गवताचा तो वास अख्ख्या खोलीत पसरला.

दिसायला खोली आता मुळीच चित्रासारखी नव्हती. फळ्यांच्या मधोमध निळा पत्रा, त्यावर मागच्या वर्षी रंगाचे ओघळ आलेले. आत्या कपाळावर हात मारून सोफ्यावर बसली. पण बसली. आई येऊन तिच्याजवळ बसली. मामाजींनी पेपर उघडला. मिस्त्रीही दाराजवळ टेकले आणि चौथ्या घरचं काम विसरले.

बाबा ओट्यावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी पाय वर घेतले. मग उशी मागितली. दुकान लावल्यापासून बाबा दुपारी झोपलेले मी पाहिले नव्हते, आणि बहिणीच्या घरी तर ते पाय दुमडून, परक्यासारखे बसत. त्या दिवशी ते कूलरच्या थेट वाऱ्यात आडवे झाले आणि तोंड उघडं टाकून घोरायला लागले. आम्ही हळू आवाजात बोलत राहिलो. आईनं मला डोळ्यानं खुणावलं, परतीची बस निघून गेली तरी उठवू नको.

ऊन उतरल्यावर ते उठले. कोणी काही विचारायच्या आत त्यांनी चहा मागितला, आणि चहा बशीत ओतता ओतता आत्याला म्हणाले, “पाठवतो म्हणतो हिले अजून एक साल नागपूरले.”

“पाठव,” आत्या म्हणाली. “पण तिथच्या मास्तराईले सांगजो, चित्र जरा कमी काढू द्या म्हणा.”

“मी काय सांगू? पोरगीच सांगन ना आता.” मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, “कधी भराचा फार्म?”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बशी खाली ठेवली. शेवटच्या बसला आई-बाबांना बसवून मी परत आत्याकडे आले. पल्ल्यांच्या कापलेल्या कडा अजून घासायच्या राहिल्या होत्या, आणि परवा बायका येणार होत्या.